डब्यातला भोपळा

सप्टेंबर लागला की आमच्याकडे सगळं भोपळ्याचं होऊन जातं. कॉफीत भोपळा, पावात भोपळा, मेणबत्तीलासुद्धा भोपळ्याचा वास. दुकानाच्या दारात ढीग, लोकांच्या पायऱ्यांवर रांगा. नवीन आलेल्या माणसाला वाटावं, की ही मंडळी वर्षभर भोपळाच खात असणार. प्रत्यक्षात पायरीवरचा भोपळा क्वचितच कुणी खातं. तो कोरायचा, आत दिवा ठेवायचा, आणि नोव्हेंबर उजाडला की फेकून द्यायचा. खायचा भोपळा येतो डब्यातून.

आम्ही इलिनॉयमध्ये, पिओरियाजवळ राहतो. इथून जवळच मॉर्टन नावाचं छोटं गाव आहे. १९७८ साली राज्याच्या गव्हर्नरांनी त्याला 'जगाची भोपळा-राजधानी' म्हणून जाहीर केलं. ऐकून हसू येतं, पण पदवी अगदीच पोकळ नाही. लिबीजचा कारखाना तिथे आहे, आणि अमेरिकेत डबाबंद भोपळा म्हणून जो काही विकला जातो त्यातला बहुतेक तिथूनच निघतो. दर सप्टेंबरात तिथे भोपळ्याची जत्रा भरते. मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये भोपळ्याचं एखादं शेत लागलं, की गाडीतूनसुद्धा कळतं. वेल वाळलेले असतात आणि भोपळे उन्हात उघडे पडलेले असतात.

आता गंमत अशी, की ते शेतातले भोपळे केशरी नसतातच. कोरायचा तो केशरी भोपळा, कुकुर्बिटा पेपो. त्याचा गर पाणचट आणि दोरेदार. डब्यात जातो तो डिकिन्सन नावाचा, लांबट, फिकट तपकिरी, दिसायला अगदी साधा. त्याची जात वेगळी, कुकुर्बिटा मोश्चाटा. आणि आपल्या मंडईत फोडी करून विकतात तो लाल भोपळाही (कुणी त्याला तांबडा भोपळा म्हणतं, कुणी डांगर, कुणी गंगाफळ) बहुतेक याच जातीचा. कोहळा आणि दुध्या आपल्याकडे जुने. लाल भोपळा मात्र मूळचा अमेरिका खंडातला, कोलंबसानंतर बाकीच्या जगात पसरलेला. म्हणजे आजीच्या घारग्यातला भोपळा आणि माझ्या फडताळातला डब्यातला भोपळा हे चुलत भाऊच म्हणायचे. हे कळल्यावर मला डबा उघडताना उगीच वाटणारा संकोच गेला.

या दिवसांत इथे माणसं सारखी जमत असतात. कोजागिरीला मराठी मंडळी, दिवाळीचा फराळ, रस्त्यावरच्या शेजाऱ्यांचं ऑक्टोबरातलं पॉटलक, मग थँक्सगिव्हिंग. प्रत्येक ठिकाणी काहीतरी घेऊन जायचं असतं, आणि प्रत्येक ठिकाणी यजमानांचं ओव्हन भरलेलं असतं. कुणाची कॅसरोल गरम व्हायची असते, कुणाचा पाय आत असतो, कुणी हातात ट्रे धरून आपला नंबर कधी लागतो म्हणून उभं असतं. त्या गर्दीत ज्याचा पदार्थ ओव्हन मागत नाही तो सुखी. म्हणून मी गेली बरीच वर्षं भोपळ्याच्या वड्या नेते. इथे अशा पदार्थांना 'नो-बेक' म्हणतात आणि मासिकांमध्ये त्यांची वेगळी पानं असतात.

आईला मी हा शब्द समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, "भट्टीत न घालता केलेलं? मग आपण रोज काय करतो?"

खरंच की. आमच्या कऱ्हाडच्या घरात ओव्हन कधीच नव्हता. दिवाळीत नानकटाई करायची तर पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि ट्रे भट्टीत लावून मिळायचा. बाकी सगळं कढई, तवा, परात आणि मोदकपात्र यांवर. आपली जवळजवळ सगळी पक्वान्नं बिनभट्टीची आहेत आणि त्याला नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही.

आईचं नाव निघालंच आहे तर तिच्याबद्दलच लिहिते. वड्यांचं खरं कारण तीच आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये बाबा गेले. ऑगस्टमध्ये आई माझ्याकडे आली, जानेवारीपर्यंत राहायला. यापूर्वी ती दोनदा आली होती, दोन्ही वेळा बाबांबरोबर. विमानतळावर एकटीच चाकाच्या खुर्चीत बसून बाहेर आली तेव्हा मला लहानपणच्या गोष्टीतली लेकीकडे निघालेली म्हातारी आठवली. ती म्हातारी लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन भोपळ्यात बसून परत येते. आमची म्हातारी इथे आल्यावर जेवेचना. म्हणजे जेवायची, पण पानात वाढलेलं संपवायचं म्हणून. गोड तर अजिबात नाही. वर्षाचे सण नाहीत, गोडधोड नाही, हे तिने स्वतःच ठरवलं होतं.

माझ्या घरी सण करायला तिची ना नव्हती. "तुझं घर वेगळं, तुझं गोत्र वेगळं, तुम्ही करा," असं म्हणायची. पण मी काही तळायला घेतलं की ती हळूच उठून आतल्या खोलीत जायची. मग मलाही हुरूप राहायचा नाही.

सप्टेंबरात बाजारात गेलो तेव्हा तिला खरा, आपल्यासारखा दिसणारा एक भोपळा दिसला. देठासकट, चांगला चार-पाच किलोचा. तिने हात फिरवून पाहिला, वाजवून पाहिला. मी म्हटलं, "घेऊ या ना, घारगे करू." तर म्हणाली, "नको. कापणार कोण?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने पहिल्यांदा कापायचा नाही. पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग पुढच्या फोडी कुणीही करा. कोहळ्याचं तर हे अनेक घरांत पाळतात. देवीपुढे बळीच्या जागी कोहळा फोडण्याची रीत आहे, तिच्यातूनच हे आलं असावं, आणि कोहळ्याचा नियम बिचाऱ्या परदेशी भोपळ्यालाही लागला असावा. मराठीत विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात. आमच्या घरात विळा आणि भोपळा यांच्यामध्ये आणखी एक माणूस लागायचा, तो म्हणजे बाबा.

गावाकडच्या शेतातून दसऱ्याच्या आसपास एक-दोन भोपळे यायचे. देठ शाबूत असला तर भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून ते माळ्यावर जायचे. आईला हवा असेल तेव्हा ती बाबांना सकाळी सांगून ठेवायची. बाबा आंघोळ करून यायचे, परातीत भोपळा ठेवायचे, सुरी टेकवायचे आणि वरून दोन बुक्क्या मारायचे. टच्च असा आवाज व्हायचा. "घ्या, बळी दिला," म्हणून ते पेपर वाचायला निघून जायचे. स्वयंपाकघरातलं त्यांचं काम एवढंच. बाकी चहासुद्धा त्यांनी कधी केला नाही. पण हे एक काम त्यांच्याशिवाय व्हायचं नाही, आणि ते बाहेरगावी असले तर भोपळा त्यांची वाट बघत थांबायचा.

माझा नवरा आनंदाने कापून देत होता. पण जावयाला कामाला लावायचं आईच्या मनाला पटेना, आणि मला वाटतं प्रश्न तेवढाच नव्हताही. "असू दे, यंदा भोपळा नको," म्हणून तिने तो परत ढिगावर ठेवला, देठ वर करून, नीट.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी शेजाऱ्यांचं पॉटलक होतं. त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले होते, त्यामुळे आठवडाभर सगळ्यांचीच धांदल. शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले आणि घाईघाईने ओट्यावर सामान काढलं. भोपळ्याचा डबा बघून आई उठून आली. तिने तो उलटासुलटा करून बघितला.

"यात भोपळा आहे? नुसता?"

"नुसता. शिजवून, घोटून."

"म्हणजे कुणीतरी कापला."

"मशीनने कापला असेल, आई."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "दे ते उघडायचं इकडे." डब्याचा ओपनर तिला फिरवता येईना, हात सरकत होता. मी मदतीला गेले तर कोपराने मला बाजूला केलं. उघडला तिनेच.

आता कृती सांगते, कारण ती विचारल्याशिवाय कुणी राहणार नाही. नुसत्या भोपळ्याचा ४२५ ग्रॅमचा डबा घ्यायचा. शेजारीच 'पाय मिक्स' लिहिलेला तसाच दिसणारा डबा असतो, त्यात साखर-मसाला आधीच असतो, तो नको. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तूप, त्यात भोपळा, मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं परतायचा. इथे घाई चालत नाही. डब्यातल्या भोपळ्यात पाणी भरपूर असतं, ते आटलं नाही तर वडी कधीच पडत नाही, चमच्याने खायचा शिरा होतो. रंग गडद झाला आणि उलथन्याला गोळा लागायला लागला की एक वाटी सुकं खोबरं (बिनसाखरेचं), मग कन्डेन्स्ड मिल्कचा ३९७ ग्रॅमचा डबा, मग एक वाटी दूध पावडर थोडी थोडी करून. कडा सुटेपर्यंत हलवायचं. वेलदोडे, आणि जायफळ सढळ हाताने. जायफळ विसरू नका. इथल्या भोपळ्याच्या पायच्या मसाल्यात दालचिनी, सुंठ, लवंग आणि जायफळच असतं, त्यामुळे अमेरिकन पाहुण्याला पहिल्या घासातच ओळखीचं काहीतरी सापडतं. तूप लावलेल्या ताटात थापायचं, वर पिस्त्याचे काप, दोन तास फ्रिजमध्ये. तीसेक वड्या होतात.

ज्यांना गॅससुद्धा पेटवायचा नाही, किंवा हाताशी मुलं आहेत, त्यांनी लाडू करावेत. जिंजर बिस्किटांचा चुरा, थोडं क्रीम चीज, चार चमचे भोपळा, पिठीसाखर. भोपळा आधी कागदी टॉवेलवर पसरून पाणी टिपून घ्यायचं, एवढीच युक्ती. लाडू वळायचे, चुऱ्यात घोळवायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे. माझ्या मुलीचं काम ते. तिच्या लाडवांचे आकार बघून आजीने "हे सुपाऱ्या आहेत की लिंबं?" असं विचारलं होतं.

तर त्या शुक्रवारी आईने कढईचा ताबा घेतला. मी खोबरं दिलं, डबे उघडले आणि बाजूला उभी राहिले. तिला कन्डेन्स्ड मिल्कचा अंदाज नव्हता. "किती गोड असतं ग हे?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, चव बघ. ती थबकली. मग म्हणाली, "नैवेद्याचं नाहीये ना, मग चालेल." उलथन्यावरचा बारीकसा गोळा तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

मार्चनंतर तिने खाल्लेलं ते पहिलं गोड. मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "जायफळ कमी आहे," आणि परत हलवायला लागली.

मी नंतर यावर खूप विचार केला. तिने कुठलाच नियम मोडला नव्हता. घर लेकीचं, सण कुणाचाच नाही, देवाला दाखवायचं नाही, भोपळा आधीच कापलेला. शोकाच्या सगळ्या नियमांना चुकवून जाणारी एक चिंचोळी वाट त्या डब्याने तयार केली होती आणि ती त्या वाटेने बाहेर आली. मी तिला महिनाभर "आई, आता हे नियम सोड" असं सांगितलं असतं तर ती तसूभर हलली नसती.

पॉटलकमध्ये वड्या पंधरा मिनिटांत संपल्या. समोरच्या घरातल्या बाईंनी तीन खाल्ल्या आणि कुणी केल्या म्हणून विचारत आईपर्यंत आल्या. दोघी साधारण एका वयाच्या. त्यांचे यजमान २०२२ साली गेले. आईला इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठी कुठून येणार, तरी दोघी अर्धा तास शेजारी बसल्या होत्या. मी मध्ये जाऊन दुभाषीपणा करायचा प्रयत्न केला, तर त्यांना माझी गरज दिसेना. निघताना त्या बाईंनी आम्हा सगळ्यांना थँक्सगिव्हिंगला बोलावलं आणि वड्या आणायच्या म्हणून बजावलं.

२८ नोव्हेंबरला आम्ही गेलो. आम्हा शाकाहाऱ्यांसाठी बटाटे, घेवडा, क्रॅनबेरी, पाव असं वेगळं काढून ठेवलं होतं. टर्की टेबलावर आली तेव्हा मला आईची काळजी वाटली, ती उठून जाईल की काय. पण ती बघत होती. बाईंनी लांब सुरी घेतली आणि स्वतः कापायला सुरुवात केली. त्यांचा मोठा मुलगा शेजारी हात बांधून उभा होता. "बाबांचं काम होतं हे," तो मला म्हणाला. "पहिल्या वर्षी मी पुढे झालो तर आईने सुरी दिलीच नाही." इथेही जुन्या घरांतून ती सुरी कर्त्या पुरुषाच्या हातात असते. मी आईला कानात सांगितलं. तिने मान हलवली, बस. घरी येताना गाडीत म्हणाली, "हात चांगला स्थिर होता तिचा."

जानेवारीत आई परत गेली. मार्चमध्ये वर्षश्राद्ध झालं. भाऊ पुण्याला असतो, तो तिला चल म्हणत होता, ती कऱ्हाडलाच राहिली. आम्हा दोघांनाही ती एकटी असण्याची धास्ती होती, अजूनही आहे. रोज फोन होतो, आणि रोजच्या फोनमध्ये "काय जेवलीस?" याला ती "केलं होतं काहीतरी" असं उत्तर देते, ज्याचा अर्थ आम्ही दोघंही ओळखतो.

२०२५ च्या दसऱ्याच्या सुमाराला मात्र एकदा तिचाच व्हिडिओ फोन आला, इथल्या भल्या पहाटे. मी दचकून उठले. तर तिने कॅमेरा ओट्याकडे फिरवला. परातीत भोपळा, मधोमध दोन भकलं, आतला गर असा केशरी की झोप उडावी. गावाहून चुलत भाऊ टाकून गेला होता म्हणे.

"कुणी कापला?" मी विचारलं.

"कोण आहे इथे? मीच." आणि मग, "दोन बुक्क्यांत नाही झाला. चार लागल्या."

मला काय बोलावं सुचेना. ती मात्र पुढे वड्यांबद्दलच बोलत होती. घारगे नव्हते करायचे, वड्याच करायच्या होत्या, खालच्या-वरच्या बिऱ्हाडांना द्यायला. डबा मिळत नाही म्हणून भोपळा किसून तुपावर परतायचा ठरवलं होतं, कन्डेन्स्ड मिल्कऐवजी दूध आटवून गूळ. दूध आणि गूळ एकत्र फाटेल ना, मी म्हटलं. "गूळ शेवटी, गॅस बंद करून, जरा निवल्यावर. मला शिकवू नकोस," म्हणाली.

फाटलं नाही. वड्या जरा मऊ झाल्या, पण पडल्या. संध्याकाळी तिने ताटाचा फोटो पाठवला. मोजून चोवीस होत्या, आणि एका कोपऱ्यातली एक नव्हती. विचारलं तर म्हणाली, "चव बघायला नको का?"

गुळाच्या वड्यांचं प्रमाण मी तिच्याकडून तीनदा विचारून घेतलं, तिन्ही वेळा वेगळं मिळालं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी नेमकं प्रमाण असेल तर जरूर कळवा. तोवर माझा डबा आहेच.